माकोन्दोचा एकटा साक्षीदार

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील सिएनागा परिसरात १९२८ च्या नोव्हेंबरात केळीच्या मळ्यांतील मजुरांनी संप पुकारला. आठवड्यास एक दिवस विसावा, अपघाताची भरपाई आणि कंपनीच्या दुकानातच चालणाऱ्या चिठ्ठ्यांऐवजी रोख मजुरी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. युनायटेड फ्रूट कंपनीचे उत्तर असे, की हे मजूर मुकादमांचे, आमचे नव्हेतच! ५ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर स्टेशनाजवळ जमलेल्या समुदायावर सैन्याने गोळ्या झाडल्या. सेनाधिकारी कोर्तेस वार्गास याने पुढे ४७ मृत्यू कबूल केले. अमेरिकन वकिलातीच्या अहवालात हा आकडा हजारावर गेला.

याच मुलखातील आराकाताका हे गाब्रिएल गार्सिया मार्केसचे जन्मगाव. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘शंभर वर्षांचा एकांत’ या कादंबरीत ही हकीकत माकोन्दो या कल्पित गावी घडते. तेथील न्यायालय तर मजूर अस्तित्वातच नाहीत, असा निवाडा देते. गोळीबारानंतर होसे आर्कादिओ सेगुन्दो शुद्धीवर येतो तो प्रेतांनी भरलेल्या आगगाडीत. नासकी केळी फेकावीत तशी ती प्रेते समुद्रात टाकायची आहेत. उडी टाकून, पावसात पायपीट करीत तो गावी परततो, तीन हजार मेले म्हणून सांगतो. आणि गाव शांतपणे म्हणते, येथे कोणीच मेले नाही. पुढे त्याला शोधण्यास आलेला अधिकारी दिव्याच्या उजेडात नेमका त्याच्याकडेच पाहतो, पण त्याला खोली रिकामी दिसते. कादंबरीतील अद्भुताचे खरे सामर्थ्य येथे आहे. ज्याची साक्ष कोणास नको, तो माणूस दिसेनासाच होतो! गाव विसरते, ते काही केवळ भयाने नव्हे. सरकारी खुलासा सोयीचा असतो.

तीन हजार हा आकडा मात्र मार्केसचा. एवढी लांब गाडी भरावयाची तर प्रेते तितकी हवीत, असे त्याने पुढे मोकळेपणी सांगितले. कलेच्या दृष्टीने हे रास्तच; इतिहासाच्या दृष्टीने ते तितकेसे निर्धोक नाही. फुगवलेला आकडा खोडून काढणाऱ्यास मूळची हत्याही खोडणे सोपे जाते. तरीही सरकारी कागदापेक्षा लोकांनी कादंबरीवर विश्वास ठेवला. स्मृतिदिनी कोलंबियाच्या सेनेटमध्ये एका वक्त्याने तीन हजार अनाम हुतात्म्यांसाठी एक मिनिट स्तब्धता पाळण्याची विनंती केली, असे मार्केसने आत्मकथेत नमूद केले आहे.