किल्केनी: किल्ल्यापासून मनोऱ्यापर्यंत

आयर्लंडमधलं किल्केनी पायीच पाहावं. नोअर नदीकाठचा किल्ला आणि सेंट कॅनिस कॅथेड्रल यांच्यात जेमतेम मैलभराची वाट, आणि मध्ययुगीन शहर त्या वाटेवरच वसलेलं. बटलर घराण्याने हा किल्ला १३९१ मध्ये विकत घेतला आणि १९६७ मध्ये अवघ्या ५० पौंडांत शहराच्या हवाली केला.

पुढे 'बटर स्लिप' हा अरुंद, पायऱ्यांचा बोळ लागतो. इथे लोणी विकलं जाई. वाटेतल्या काळ्या चुनखडीच्या दगडांकडे जरूर पाहा, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर. त्यांतले पांढरे ठिपके म्हणजे समुद्री जीवांचे जीवाश्म!

सर्वांत जास्त थांबावं ते कायटलर खानावळीपाशी. १३२४ मध्ये ॲलिस कायटलर या धनाढ्य स्त्रीवर चेटकाचा आरोप झाला. ती निसटली. तिची दासी पेट्रोनिला मात्र सापडली. तिला फटके मारून जिवंत जाळण्यात आलं. खानावळ ॲलिसचं नाव मिरवते, पण नाव घ्यायला हवं ते पेट्रोनिलाचं.

कॅथेड्रलशेजारी त्याच्याहूनही जुना, सुमारे ३० मीटर उंचीचा गोल मनोरा आहे. आत उभ्या शिड्या आहेत. गुडघे साथ देत असतील तर चढाच. वरून सगळं शहर दिसतं.