नवजात बाळाचा जंतुसंसर्ग

नवजात बाळाच्या रक्तात जंतू शिरून अंगभर पसरले, की त्याला सेप्सिस म्हणतात. मोठ्यांसारखा सणसणीत ताप येईलच असे नाही. पुष्कळदा अंग उलट गारच पडते. महाबळेश्वरच्या पावसाळी गारठ्यात नेमकी इथेच फसगत होते. बाळ थंडीने गारठले, असे समजून दुपट्यावर दुपटे चढवले जाते. ऊब द्यावीच, पण ऊब देऊनही पोट आणि तळपाय गार, दूध ओढणे थांबलेले, रडणे क्षीण, हातपाय लुळे, तर ते थंडीचे काम नव्हे. शांत असताना मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, झटके, नाळेभोवती पू, ही लक्षणेही तितकीच गंभीर.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत तिथल्याच स्त्रियांना ही लक्षणे ओळखायला आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला. ही नोंद 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. आशाताईंच्या आजच्या गृहभेटींचे मूळ या कामात आहे: दवाखान्यातल्या जन्मानंतर 6 भेटी, घरच्या जन्मानंतर 7.

महाबळेश्वर तालुक्यातल्या कांदाटी खोऱ्याच्या वाड्यांना दवाखाना गाठताना शिवसागर जलाशय आडवा येतो. तिथे वाट पाहणे परवडणारे नाही. नाळेला तेल, हळद, राख काही लावू नये. आणि बाळाने दूध सोडले, तर त्याच घटकेला आशाताईंना कळवावे, 108 ला फोन करावा.