दार न तोडणारे पोलीस



‘सीआयडी’ म्हटलं, की पुण्यात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय आहे, हे फारसं कुणाला आठवत नाही. आठवतात ते शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न, त्यांची हवेत फिरणारी बोटं आणि एका लाथेत दार पाडणारा दया. १९९८ साली सुरू झालेली ही मालिका वीस वर्षं चालली, २०१८ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. इतकी वर्षं एखादी गोष्ट घरात पाहुण्यासारखी येत राहिली, की माणसं तिच्यावरून जगाचा अंदाज बांधू लागतात.

मी शहापूर आणि मुरबाडच्या न्यायालयांत फौजदारी वकिली करतो. पक्षकार गावातले, पाड्यांवरचे असतात. त्यांच्यातला कुणी ना कुणी हमखास विचारतो, “वकीलसाहेब, टीव्हीवर एका रात्रीत खुनी सापडतो. आपल्याकडेच एवढा उशीर का?” प्रश्न भाबडा वाटला तरी विचारणाऱ्याच्या घरातलं माणूस गेलेलं असतं. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्याकडे एसीपीच नाहीत! सहायक पोलीस आयुक्त हे पद शहरांच्या आयुक्तालयात असतं. शहापूर, मुरबाड ठाणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येतात. इथे पोलीस ठाण्याचे निरीक्षक, त्यांच्यावर उपविभागीय अधिकारी आणि सर्वांत वर जिल्ह्याचे अधीक्षक. मोठा गुन्हा घडला तर स्थानिक गुन्हे शाखा मदतीला येते. पण तपास ज्याच्या नावावर असतो, तो बहुधा एखादा उपनिरीक्षक असतो आणि त्याच्या टेबलावर त्या एकाच गुन्ह्याची फाईल नसते.

मालिकेतल्या पथकाला एका वेळी एकच गुन्हा असतो. आमच्या उपनिरीक्षकाला म्हसा यात्रेचा बंदोबस्त असतो, गणपती विसर्जन असतं, निवडणूक असते. पावसाळ्यात माळशेज घाटात पर्यटकांची गर्दी आवरायची असते. कसारा घाटात ट्रक उलटला की तिकडे धावायचं असतं. तपासाचं काम आणि कायदा-सुव्यवस्थेचं काम वेगळं करा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाशसिंग खटल्यात दिला, तो याच कारणासाठी.

शिवाय पोलीस ठाण्यातले सगळेच कागद खुनाचे नसतात. सर्पदंश, विहिरीत बुडणं, वीज पडणं अशा मृत्यूंची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते आणि प्रत्येकाची चौकशी करावी लागते. ३१ जुलै २०२३च्या मध्यरात्री सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उचलणारं यंत्र कोसळलं. वीस माणसं गेली, त्यांत परराज्यांतून आलेले कितीतरी कामगार. अशा वेळी मृताची ओळख पटवणं, दूरच्या गावी त्याच्या नातेवाइकांना कळवणं आणि शवविच्छेदनानंतर देह त्यांच्या ताब्यात देणं, हेही पोलिसांचंच काम. त्याची मालिका कुणी काढत नाही.

आता प्रयोगशाळेकडे येऊ. डॉक्टर साळुंखे मृतदेहही तपासतात आणि विषही ओळखतात, तेही चहा निवायच्या आत. प्रत्यक्षात ही दोन ठिकाणची, दोन माणसांची कामं आहेत. शवविच्छेदन शहापूरच्या उपजिल्हा किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी करतो. विषाचा संशय असेल तर तो व्हिसेरा राखून ठेवतो. मिठाच्या द्रावणातल्या त्या बरण्यांना लाखेचं सील लागतं, सोबत पत्र जातं आणि एक शिपाई त्या मुंबईला, कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पोचवतो. त्या शिपायाला कॅमेऱ्यात जागा नाही. पण न्यायालयात त्याच्यावाचून अडतं. सील शाबूत होतं का, मधले दिवस मुद्देमाल कुठे होता, याचं उत्तर त्याच्या नोंदीत असतं. ती नोंद नसेल तर उत्तम अहवालालाही किंमत राहत नाही.

सगळ्यांत मोठी फसगत कबुलीजबाबाची. मालिकेत दयाची एक थप्पड बसते, आरोपी सगळं सांगून टाकतो आणि गोष्ट संपते. कायद्याच्या दृष्टीने इथे काहीच संपलेलं नसतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. आरोपीने सांगितल्यावरून झुडपातून कोयता निघाला, तर तेवढ्या शोधापुरतं त्याचं सांगणं ग्राह्य धरतात, कारण कोयता मारहाणीने तयार होत नाही. कबुली होते. थप्पड पाहून आपण घरात टाळ्या वाजवतो, पण ती उद्या एखाद्या निरपराध कातकरी पोराच्या गालावरही बसू शकते, हे विसरतो. अटकेच्या वेळी पोलिसांनी काय पाळायचं, याचे नियम सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात घालून द्यावे लागले, ते कोठडीतल्या मृत्यूंमुळेच.

आणि ते दार? ते तोडण्याचा अधिकार पोलिसांना आहे. मात्र आधी आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून आत येऊ द्या म्हणावं लागतं, आणि झडतीला परिसरातले दोन पंच लागतात. आमच्या पाड्यांवर तर कुडाची घरं. दार नुसतं लोटलं तरी उघडतं. अवघड असतं ते पंच मिळवणं.

एका पाड्यावरचा प्रसंग सांगतो. अंगणात मारामारी झाली, माणूस दगावला. पोलीस पोचेपर्यंत शेजारच्या बायकांनी अंगण धुऊन शेणाने सारवूनही टाकलं होतं. हेतू चांगलाच होता. लेकराबाळांसमोर रक्त कशाला? पुढे मयताच्या भावाने मला विचारलं, “ठसे का नाही घेतले?” ठसे सारवणाखाली गेले होते. पंच म्हणून सही करणारे दोघे साक्षीच्या वेळी ‘कागद वाचून दाखवला नाही’ म्हणाले. ते लबाड नव्हते. मजुरी बुडवून सत्र न्यायालयात खेटे घालायचे आणि परत त्याच गावात, त्याच माणसांत राहायचं, याची त्यांना धास्ती होती. आरोपी सुटला. खरं काय ते कुणाला कळलंच नाही.

२००४ मध्ये ‘सीआयडी’ने एकही कट न घेता १११ मिनिटांचा भाग चित्रित केला होता. कौतुक करावं असंच ते काम. खरा तपास मात्र तुकड्यातुकड्यांनी चालतो. तारखा पडतात, अधिकारी बदलतात, साक्षीदार कामासाठी गाव सोडतात. ते तुकडे जोडून ठेवतो तो कागद, आणि त्या कागदाला आधार असतो तुमच्या-माझ्यासारख्या साक्षीदाराचा.

म्हणून मालिका बघू नका, असं मी म्हणणार नाही. ‘क्राइम पेट्रोल’सारख्या कार्यक्रमांमुळे पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीड थोडी कमी झाली, हे मी पाहिलंय. फक्त त्या जोडीला काही गोष्टी ध्यानात असू द्या. गुन्हा घडला तर जागेला हात लावू नका, ११२ क्रमांक फिरवा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. घाट इगतपुरीच्या हद्दीत की कसाऱ्याच्या, माळशेजच्या अलीकडे की पलीकडे, हा वाद तुम्ही घालायचा नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नव्या कायद्यानुसार झडतीचं चित्रीकरण व्हायला हवं, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञांनी घटनास्थळी जायला हवं. तज्ज्ञांची ही अट सगळीकडे लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

आणि शेवटचं. उद्या कुणी पोलीस शिपाई दारात येऊन म्हणाला, “काका, पंच म्हणून जरा येता का?” तर नाही म्हणू नका. काय लिहिलंय ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढ्यावरच सही करा, आणि तारीख लागली की तेच न्यायालयात सांगा. एखाद्या घराला न्याय मिळतो तो अशा दोन सह्यांवर.