देव हें आडनांव

इंग्लंडांत सर्वांत अधिक आढळणारें आडनांव कोणतें, असें विचारलें तर ‘स्मिथ’ हें उत्तर येतें, आणि त्याचा अर्थ लोहार. गांवोगांव लोहार होता म्हणून गांवोगांव स्मिथ झाले; त्यांत फारसें गूढ नाहीं. परंतु त्याच देशांत किंग, बिशप आणि पोप अशींही आडनांवें आहेत. राजाचे वंशज फार तर राजवाड्यांत सांपडावे. पोपाला तर लग्नच वर्ज्य. मग हीं घराणीं आलीं कोठून? व्युत्पत्तिकार सांगतात कीं, उत्सवांतील नाटकांत कोणी राजाचें सोंग घेतलें, कोणी बिशपाच्या वाड्यांत चाकरी केली, कोणाची चालण्याबोलण्याची ऐटच तशी होती. शेजाऱ्यांनीं ठेवलेलें नांव पुढें मुलांनातवंडांना चिकटलें. महाराष्ट्रांत याहूनही एक पायरी वर चढलेलें आडनांव आहे. तें ‘देव’. त्याची एक प्रसिद्ध जन्मकथा पुण्याजवळ, पवना नदीच्या कांठीं, चिंचवड गांवीं घडली.

हा सारा टापूच आडनांवांच्या अभ्यासकाला मोठा सोयीचा आहे. गांवावरून माणसाला नांव मिळावें हा सामान्य क्रम. चाकण सोडून पुण्यास किंवा मुंबईस गेलेला तो चाकणकर. खुद्द चाकणांत सगळेच चाकणचे, तेथें त्या नांवानें ओळख कशी पटावी? ‘कर’ हा प्रत्यय गांव सोडल्यावरच उपयोगी पडतो. उलट चिंचवडे हें आडनांव चिंचवडांतच नांदतें. त्याहून गमतीचा प्रकार पिंपरीचा. पिंपरी नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत इतकीं आहेत कीं, या पिंपरीला ओळखण्यासाठीं तेथील वाघेरे घराण्याचें आडनांव गांवाला जोडावें लागलें आणि ‘पिंपरी वाघेरे’ असें नांव रूढ झालें. लोणी काळभोरची गोष्टही तशीच. येथें माणसानें गांवाला नांव दिलें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, पुढें मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि देशांतील बहुतेक सर्व प्रांतांचीं आडनांवें तेथील हजेरीपटावर चढलीं. त्या गर्दींत देव हें दोन अक्षरी नांव चटकन नजरेस येत नाहीं. पण तें तेथील जुन्या रहिवाशांपैकीं आहे.

चिंचवडच्या देव घराण्याचे मूळ पुरुष मोरया गोसावी. त्यांचे आईवडील बीदरकडील शाळी गांवाहून मोरगांवास आले, असें परंपरा सांगते, आणि घराण्याचें जुनें आडनांव शाळिग्राम असें देते. मोरगांवीं कऱ्हा नदींत मोरयांना गणपतीची मूर्ति सांपडली. ती मंगलमूर्ति घेऊन ते चिंचवडास राहिले आणि तेथेंच त्यांनीं समाधि घेतली. परंतु ते स्वतः देव नव्हते. लोकांच्या तोंडीं ते गोसावी, म्हणजे इंद्रियांचा स्वामी, एवढेच राहिले.

आडनांव लागलें तें त्यांचे पुत्र चिंतामणि महाराज यांच्यापासून, आणि तें दिलें तुकाराम महाराजांनीं, अशी कथा आहे. देहू आणि चिंचवड यांत अंतर असें तें किती? सकाळीं निघालेला माणूस दुपारच्या पानावर पोंचावा इतकें. चिंतामणि महाराजांनीं तुकोबांना भोजनास बोलाविलें. तुकोबांनीं दोन पानें अधिक मांडण्यास सांगितलें, एक विठ्ठलासाठीं आणि एक गणपतीसाठीं. महिपतीनें संतचरित्रांत ही हकीगत रंगवून सांगितली आहे. भक्तांना तींत चमत्कार दिसतो. आडनांवाच्या शोधकाला दिसतें तें निराळेंच. देहूचा एक वाणी, विठ्ठलाचा वारकरी, चिंचवडच्या गाणपत्य ब्राह्मणाला ‘देव’ म्हणून हांक मारतो, आणि तें घराणें ती हांक पिढ्यान् पिढ्या नांवापुढें मिरवितें. सरकारदरबारच्या पदवीवरून देशमुख, कुलकर्णी, फडणीस झाले. येथें पदवी देणारा शेतसावकारी बुडालेला एक संत होता. कथा अक्षरशः खरी मानो वा न मानो, त्या घराण्यानें आपल्या नांवाचा उगम तेथें दाखविण्यांत भूषण मानलें, ही गोष्ट लहान नव्हे.

कालगणनेची अडचण मात्र झांकून ठेवण्यासारखी नाहीं. एका परंपरेप्रमाणें मोरया गोसाव्यांचा काल १३७५ ते १५६१. एवढें आयुष्य श्रद्धेनें मानलें तरी तुकोबांचा जन्म १६०८ चा आणि निर्याण १६४९ च्या सुमाराचें. पित्याची समाधि १५६१ सालीं झाली असेल, तर पुत्र तुकोबांच्या ऐन कीर्तीच्या काळीं सत्तरीच्या पलीकडे गेलेला असला पाहिजे. शिवाय समाधीवरील देऊळ चिंतामणि महाराजांनीं बांधविलें असें सांगतात, आणि बांधकामास आरंभ झाल्याची तिथि शिलालेखांत शके १५८० ची, म्हणजे इसवी सन १६५८ ची आहे. मग पुत्राचें वय शंभरीच्या घरांत जातें. तेव्हां मोरयांचा काल बराच अलीकडे ओढणें हाच सरळ मार्ग दिसतो. तसें केलें म्हणजे तुकोबांच्या भेटीची कथा निदान असंभवनीय रहात नाहीं.

‘देव’ हा शब्द माणसाला लावण्याची रीत चिंतामणि महाराजांपासून सुरू झाली असें मात्र नव्हे. ज्ञानदेव, नामदेव, सोपानदेव या नांवांत तो आहेच. देवगिरीच्या यादवांचा रामदेवरावही प्रसिद्ध आहे. पण तेथें देव हा नांवाचा शेपूट आहे, व्यक्तीबरोबर येतो आणि व्यक्तीबरोबरच जातो. चिंचवडास तो नांवापासून सुटला आणि वारशानें उतरूं लागला. येथेंच त्याचें वजन वाढलें. गणपतीचा अंश या घराण्यांत सात पिढ्या राहील अशी श्रद्धा होती, आणि त्यामुळें प्रत्येक पिढींतील कर्त्या पुरुषाकडे लोक आडनांव म्हणून पाहत नसत. अर्थ म्हणून पाहत.

इंग्रजांचा सारा गोंधळ येथेंच झाला. कॅप्टन एडवर्ड मूर यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ‘एशियाटिक रिसर्चेस’ मध्यें चिंचवडच्या देवांवर लेख लिहिला, आणि पुण्याच्या ब्राह्मणांचें पिढीजाद जिवंत दैवत असें त्यांचें वर्णन केलें. १८०९ सालीं मारिया ग्रॅहॅम ही बाई चिंचवडास आली. दैवत पहावयास म्हणून आलेल्या तिला दिसला एक मुलगा, आणि तिचा जो विरस झाला तो तिनें आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेवला. तिचा सूर तुच्छतेचा आहे, हें खरें. पण त्या मुलाची बाजू कोण मांडणार? ज्याला देव म्हणून लोक पायां पडतात, त्याला खेळावयास कोण नेणार? पुढें मूळ वंश खुंटला आणि संस्थानाचा मान दूरच्या शाखेकडे गेला, असें पुणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत सांगितलें आहे. सात पिढ्या संपल्या. अंश गेला असें मानलें गेलें तरी आडनांव राहिलें, आणि तें धारण करणें पुष्कळच हलकें झालें असावें.

सर्व महाराष्ट्रांतील देव एकाच घराण्याचे समजण्याची चूक मात्र कोणी करूं नये. रामदासी वाङ्मयाचे संग्राहक धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव आणि काँग्रेसचे पुढारी शंकरराव देव, दोघेही शंकर आणि दोघेही देव, पण निरनिराळे. चित्रपटांतील रमेश देव यांचें घराणें मूळचें राजस्थानकडील ठाकूर. वडिलांनीं केलेल्या साह्यावर प्रसन्न होऊन शाहू छत्रपतींनीं त्यांना ‘ठाकूर नव्हे, देव’ म्हटलें, अशी हकीगत सांगितली जाते. चिंचवडास संतानें आणि कोल्हापुरास राजानें एकच शब्द दिला, हा योगायोग मजेचा खरा. बंगाल्यांतही हें नांव आहे. ‘शब्दकल्पद्रुम’ या संस्कृत कोशाचे कर्ते राजा राधाकांत देव प्रसिद्धच आहेत. तेथें उच्चार ‘देब’ असा होतो. रोमन लिपींतही एकवाक्यता नाहीं. कोणी शेवटीं ओ लिहितात, कोणी व्ही.

जाधव, शिंदे, जोशी, कुलकर्णी यांच्या मानानें देव थोडे. पण मराठी व्याकरणानें त्यांच्याभोंवतीं जी मौज उभी केली आहे ती इतरांच्या वांट्यास नाहीं. आदरार्थी बहुवचनामुळें ‘देव अजून आले नाहींत’, ‘देवांची रजा मंजूर झाली’ हीं वाक्यें कचेरींत कोणी गंभीरपणें उच्चारतो आणि नवा माणूस दचकतो. देवांच्या घरची सून मात्र देवी होत नाहीं, ती देवबाईच.

आणि चिंचवडचें देऊळ? तेथें मार्गशीर्षांत मोरया गोसाव्यांचा समाधि-उत्सव होतो, आणि माघांत व भाद्रपदांत मंगलमूर्तीची पालखी मोरगांवास जाते. वाटेवर आतां कारखाने आहेत, उड्डाणपूल आहेत. पालखीबरोबर चालणारे लोक जो घोष करतात त्यांत देव हें आडनांव कोठेंच नाहीं. त्यांत आहे तें ‘मोरया’, ज्याच्या नांवापुढें देव कधींच लागलें नाहीं त्या गोसाव्याचें नांव.