उत्तराची घाई



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय ऐकण्याची श्रोत्यांना सवय असते. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी किरकोळ वाटेल. वाहन चालविताना मोबाईलवर संदेश वाचू नये व लिहू नये, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. हे कोणाला ठाऊक नाही, असे कोणी विचारील. ठाऊक सर्वांना आहे आणि तरीही आपल्यापैकी पुष्कळजण ते करीत असतात. म्हणूनच त्याविषयी बोलणे भाग आहे.

उरणात तर ते अधिकच भाग आहे. 1989 साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले आणि भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या तालुक्यातून कंटेनरांचे ट्रेलर धावू लागले. करळ फाटा, दास्तान फाटा या भागात रात्र आणि दिवस यांत फारसा फरक उरलेला नाही. या अवजड वाहनांच्या शेजारून कामावर जाणारा तरुण दुचाकी हाकतो, मुले शाळेला जातात, मासळीची टोपली घेऊन बाया बाजार गाठतात. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबईहून वेगाने आलेल्या मोटारी चिर्ल्याला उतरतात. अशा ठिकाणी रस्त्यावरची नजर हटणे म्हणजे काय, याचा थोडा हिशेब करू.

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात 16 मीटरांहून अधिक अंतर तोडते. संदेश उघडून वाचावयास पाच सेकंद लागले असे धरा. तेवढ्यात वाहन सुमारे 83 मीटर पुढे गेलेले असते. चाळीस फुटी सात कंटेनर एकापुढे एक मांडले, तर जवळजवळ एवढीच लांबी भरेल. सात कंटेनरांच्या लांबीचा रस्ता कोणी डोळे मिटून चालवील काय? पण संदेश वाचणारा नेमके तेच करीत असतो. शिवाय भरलेला ट्रेलर ब्रेक दाबताच जागच्या जागी थांबत नाही, हे ती चालविणाऱ्यांना आम्ही सांगावयास नको.

डोळ्यांबरोबर हात गुंततो, आणि मन तर सर्वांत आधी गुंतते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संदेश लिहिणाऱ्या अवजड वाहनाच्या चालकाला अपघाताचा वा थोडक्यात टळणाऱ्या अपघाताचा धोका तेवीस पटींनी अधिक असल्याचे आढळले. आपल्या देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांपैकी 3,395 मृत्यू वाहन चालविताना मोबाईल वापरल्यामुळे झाल्याची सरकारी नोंद आहे. मागाहून ‘मी त्या वेळी फोन पाहत होतो’ असे कबूल करणारा विरळा, हे ध्यानात घेता ही नोंद पुरी असेल असे आम्हाला वाटत नाही.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने, वाहन चालविताना हातातील फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालविण्याच्या गुन्ह्यात घातले आहे. त्याला दंडही आहे आणि कैदही होऊ शकते. परंतु दोष केवळ चालकाचा आहे काय? फोन वाजतो तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी असते. ‘कुठवर आलास?’ असे ट्रान्सपोर्टचा मालक विचारतो. ‘येताना दूध आण’ असे घरून लिहून येते. उत्तर आले नाही की पुन्हा विचारणा होते, आणि मग रुसवाही होतो. मालकाला उत्तर न देणाऱ्या चालकाची पुढची फेरी जाण्याची भीती असते. अशा माणसाला ‘फोनला हात लावू नकोस’ असे सांगणे सोपे. त्याच्यावरचा तगादा थांबविणे हे आपले काम आहे.

न्यू जर्सी राज्यातील एका न्यायालयापुढे 2013 साली हाच प्रश्न आला होता. मोटार चालविणारा तरुण संदेश पाठविण्यात गुंतला, आणि समोरून मोटारसायकलीवर येणाऱ्या पतिपत्नीला प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. संदेश पाठविणाऱ्या मैत्रिणीला न्यायालयाने त्या खटल्यात जबाबदार धरले नाही. परंतु समोरची व्यक्ती वाहन चालवीत आहे आणि संदेश येताच ती तो पाहणार, हे ठाऊक असूनही जो पाठवितो त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते, असे न्यायालयाने सांगितले. आपल्याकडील कायदा काहीही असो, ही गोष्ट मनाला पटण्यासारखी आहे.

थांबणे ही उरणच्या माणसाला नवी गोष्ट नव्हे. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ओहोटीला खोळंबते, तेव्हा आपण भरतीची वाट पाहतो. तांडेलावर कोणी रागावत नाही. तोच धीर रस्त्यावरच्या माणसासाठी आपण का धरू नये? या तालुक्याने 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी पाच हुतात्मे दिले. त्या मरणांना अर्थ होता. ‘पोचलास का?’ या दोन शब्दांपायी गेलेल्या जिवाला कोणता अर्थ लावणार?

म्हणून आमची विनंती एवढीच. वाहन सुरू करण्यापूर्वी फोन बंद करून बाजूला ठेवावा. निकडच असेल तर गाडी सुरक्षित जागी उभी करून बोलावे. घरच्यांनी आणि मालकांनी पहिला प्रश्न ‘गाडीवर आहेस का?’ हा विचारावा, आणि ‘हो’ म्हणताच फोन ठेवून द्यावा. उशिरा आलेले उत्तर चालते. न आलेला माणूस चालत नाही.