ग्वेलाताओचा वकील



मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरातल्या ग्वेलाताओ गावातून १८१८ च्या डिसेंबरात बारा वर्षांचा एक पोरका मुलगा पायी शहराकडे निघाला. काकाची मेंढरं राखणाऱ्या या मुलाची भाषा झापोतेक. स्पॅनिश त्याला धड येत नव्हतं, आणि स्पॅनिशवाचून शिक्षण नव्हतं. शहरात बहीण एका घरी स्वयंपाक करायची. तिनं आसरा दिला, एका पुस्तकबांधणी करणाऱ्या सज्जनानं शाळेत घातलं. हा मुलगा म्हणजे बेनितो हुआरेझ.

१८३४ मध्ये तो वकील झाला. लवकरच लोशिचा गावची गरीब माणसं त्याच्याकडे आली. गावचा पाद्री धर्मविधींसाठी भरमसाट पैसे उकळत होता. हुआरेझनं त्यांचं वकीलपत्र घेतलं, आणि झालं काय? फिर्यादी गावकरी तुरुंगात गेले आणि त्यांचा वकीलही नऊ दिवस गजाआड! कारण पाद्र्यांचा न्याय पाद्र्यांच्याच कोर्टात होई. मला वाटतं, त्याचं पुढचं सारं राजकारण त्या नऊ दिवसांत जन्मलं.

पुढे तो ओआहाकाचा गव्हर्नर झाला. मेक्सिकोचा हुकूमशहा सान्ता आना यानं हद्दपार केल्यावर न्यू ऑर्लिन्समध्ये सिगार वळून त्यानं पोट भरलं. परतल्यावर १८५५ मध्ये, न्यायमंत्री म्हणून, त्यानं कायदा केला: दिवाणी दावे पाद्र्यांच्या आणि लष्कराच्या खास कोर्टांत चालणार नाहीत. लोशिचाचं उत्तर एकवीस वर्षांनी मिळालं.

१८५८ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. आधी सुधारणांच्या विरोधकांशी यादवी, मग फ्रेंचांची स्वारी. फ्रेंचांनी ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन याला मेक्सिकोचा बादशहा केलं, तेव्हा हुआरेझ घोडागाडीतून सरकार घेऊन उत्तरेकडे सरकत राहिला, पार सरहद्दीपर्यंत. पण देश सोडला नाही. शेवटी हुआरेझची बाजू जिंकली आणि १८६७ मध्ये मॅक्सिमिलियनला मृत्युदंड झाला. अनेकांनी दयेची विनवणी केली होती. हुआरेझ बधला नाही.

त्याच्या चुकाही सांगायला हव्यात. त्याच्या पक्षाच्या जमीन कायद्यानं आदिवासी गावांच्या सामाईक जमिनी गेल्या, आणि १८७१ मध्ये पुन्हा निवडणूक लढवून त्यानं जुने साथी दुखावले. तरी एका मेंढपाळ पोरानं पाद्री, सेनापती आणि बादशहा यांना एकाच कायद्याखाली उभं केलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

१८ जुलै १८७२ ला, अध्यक्षपदावर असतानाच, हृदयविकारानं तो गेला.

दिल्लीच्या दक्षिण भागात त्याच्या नावाचा रस्ता आहे. तिकडे गेलात, तर पाटीवरचं ते नाव मुलांना जरूर वाचून दाखवा.