शाळा समाजाची, निर्णयही समाजाचा

(नामपूर, ता. बागलाण येथे पालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



आपल्या बागलाणाला देवमामलेदार यशवंतराव महाराजांचा वारसा लाभला आहे. दुष्काळात अन्नान्न झालेल्या रयतेसाठी सरकारी खजिना खुला करणारा हा मामलेदार समाजाने देवत्वाला नेला. सटाण्याला आजही त्यांची यात्रा भरते. गावोगावच्या यात्रांचा कारभार आपण कसा चालवतो, हे आपणांस ठाऊक आहे. वर्गणीचा पै-पैचा हिशोब मंदिराच्या ओट्यावर वाचला जातो आणि शंका आली तर गावातला साधा माणूसही उभा राहून विचारतो. कारण यात्रा आपली आहे, ही भावना पक्की असते.

आता शाळेकडे वळू. अनेक गावांत दिसणारे एक चित्र सांगतो. समितीची सभा प्रत्यक्षात होत नाही. इतिवृत्ताची वही घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात. महिला सदस्याच्या जागी तिचे यजमान येऊन बसतात. कोणत्या ठरावावर आपली सही आहे, हे सही करणाऱ्याला माहीत नसते. दोष एकट्या शिक्षकांचा नाही. आपणच शाळेला ‘सरकारी’ म्हणून मनाने दूर केले, हे त्याचे मूळ आहे.

हा दुरावा आपल्या परंपरेतला नाही. ज्येष्ठ विचारवंत धर्मपाल यांनी १८२२ पासूनच्या मद्रास इलाख्यातील इंग्रजी सर्वेक्षणाची कागदपत्रे धुंडाळून १९८३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. गावोगावच्या पाठशाळा स्थानिक समाजाच्या आधारावर चालत होत्या आणि तमिळ भागातील अनेक जिल्ह्यांत विद्यार्थ्यांमध्ये शूद्र गणल्या गेलेल्या जातींतील मुलांची संख्या मोठी होती, असे ती कागदपत्रे सांगतात. त्याच कागदांत मुलींची संख्या मात्र अत्यल्प आहे. ही उणीवही आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कारण जुन्याचा अभिमान बाळगायचा तो त्यातील वैगुण्य दूर करण्यासाठीच.

महाराष्ट्रात हे कार्य कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था उभी राहिली. पुढे वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि खेड्यापाड्यांतील घरांनी मूठ-मूठ धान्य दिले. ज्या घराने मूठभर धान्य दिले, त्या घराला ती शाळा परकी कशी वाटेल?

दुसरे उदाहरण शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे. तेथे जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे अधिपती झाले. त्यांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. मात्र राजाज्ञा किंवा कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणू शकतो. दाराच्या आत काय घडते, याची काळजी घरानेच वाहावी लागते.

आजचा कायदा ही जबाबदारी स्पष्टपणे आपल्यावर सोपवतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असे सांगितले. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यायचे आहे. आपल्या राज्यात समितीचा अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे, ही समितीची कामे आहेत. बहुमत आपले, अध्यक्ष आपला. तरीही निर्णय आपला नसेल, तर दोष कोणाला द्यायचा?

काही साध्या गोष्टी आजपासून करता येतील. पहिली, सभेची वेळ. कांद्याची लागवड किंवा काढणी सुरू असताना दुपारी अकराला सभा ठेवली तर मजुरीला गेलेली आई येणार कशी? सभा सायंकाळी, दिवेलागणीनंतर घ्यावी. दुसरी, हिशोब. शाळेला किती अनुदान आले व कशावर खर्च झाले, हे यात्रेच्या हिशोबासारखेच सर्वांसमोर वाचले जावे. तिसरी, हजेरी. वर्गातील कोणते मूल पंधरा दिवसांपासून येत नाही, हा प्रश्न प्रत्येक सभेत पहिला असावा. आराखड्यात खोल्या आणि रंगरंगोटी जरूर असावी. पण पाचवीतील मुलाला मराठी उतारा वाचता येतो की नाही, हेही त्यात असावे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तालुक्याच्या पश्चिम भागात आपले वनवासी बांधव राहतात. कामासाठी स्थलांतर करणारी कुटुंबेही आहेत. त्यांच्यातील आईबाप समितीत केवळ नावापुरते असतील, तर आपली समरसता व्याख्यानापुरतीच राहिली, असे म्हणावे लागेल. त्या मातेला सभेत पहिल्यांदा बोलायला संकोच वाटेल. तिला बसायला सतरंजीचा कोपरा न देता मध्यभागी जागा द्यावी, तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे आणि इतिवृत्तात तिच्या शब्दांत नोंदवावे. स्थलांतर काळात तिचे मूल कोणाच्या घरी राहील, याचा निर्णय गावाने घ्यावा. कोणत्याही शासन निर्णयाने हे घडणार नाही. हे घडेल ते आपलेपणानेच.

शिक्षकांविषयीही दोन शब्द. समिती ही शिक्षकावर बसवलेली चौकी नव्हे. जो शिक्षक मनापासून शिकवतो, त्याच्या पाठीशी गावाने उभे राहावे. जो टाळाटाळ करतो, त्याला सभेत नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. गुरूचा आदर आणि कामाची विचारणा यांत विरोध नाही.

येथून घरी गेल्यावर एकच करा. आपल्या शाळेच्या समितीची मागील सभा कधी झाली, हे विचारा आणि तिचे इतिवृत्त वाचा. पुढील सभेला स्वतः जा, वाचल्याशिवाय सही करू नका. आपल्या एका प्रश्नाने शाळेचे दार समाजासाठी उघडेल.

भारत माता की जय!